एका चुलीचं घर

लोकांच्या घरात न बोलावता शिरायचं, त्यांच्या डब्यात तांदूळ किती आहेत ते विचारायचं, महिन्यात तेल किती लागलं, साबणाच्या वड्या किती झाल्या, गावाला मनीऑर्डर कधी पाठवली, हे सगळं लिहून घ्यायचं आणि त्याचा पगार उचलायचा, असा माझा धंदा होता. साध्या भाषेत त्याला पाहणी म्हणतात. आमच्या कागदोपत्री मी ‘अन्वेषक’ होतो. सिल्वासात मात्र मला कुणी त्या नावाने हाक मारली नाही. टोकरखाड्यात मी ‘मोजणीवाले’ होतो, आमलीत ‘लिखणारा भाऊ’ आणि खानवेलच्या बाजूला नुसताच ‘वहीवाला’.

ऐंशीच्या दशकात मी चिपळूणकडून गुजरातच्या कडेला असलेल्या केंद्रशासित सिल्वासात आलो. त्या वेळी तिथे नवा कारखाना उघडणाऱ्याला करात सवलत होती, त्यामुळे भाताच्या शेतांतून रोज एखादं नवं पत्र्याचं छप्पर उगवत होतं. सुताचे कारखाने, प्लास्टिकचे कारखाने, तारेचे कारखाने. कारखान्यांना माणसं हवी होती आणि माणसांना काम हवं होतं. कुठून कुठून लोक आले. मी ज्यांच्यात वावरलो ते बहुतेक मराठी बोलणारे, पण त्यातही दोन तऱ्हा. एक आम्ही कोकणातले आणि मुंबईकडचे, शाळांत आणि कचेऱ्यांत चिकटलेले, टोकरखाड्यात राहणारे. दुसरे खानदेशातले, कारखान्यात पाळीवर उभे राहणारे, आमलीच्या चाळींत दाटीवाटीने राहणारे. तिथल्या मूळच्या लोकांच्या लेखी दोघेही बाहेरचेच. आम्ही मात्र एकमेकांना ओळखही देत नव्हतो.

हा धंदा बाहेरून सोपा दिसतो. कागद, पेन आणि चपला असल्या की झालं, असं लोकांना वाटतं. खरी अडचण दार उघडण्यापासून सुरू होते. तेव्हा मलेरियाची माणसं फवारणी करून भिंतीवर तारीख टाकून जात, आणि आम्ही घरयादी करताना चौकटीवर गेरूने नंबर टाकत असू. त्यामुळे निम्म्या घरांत माझं स्वागत भांडी झाकून आणि अंथरुणं बाहेर काढून व्हायचं. एका म्हातारीने तर माझ्यापुढे बोट केलं, रक्त काढा म्हणून. मी तिला तेलाचा भाव विचारला तेव्हा ती हिरमुसली.

पुढची अडचण खोटं बोलण्याची. माणूस खोटं बोलणारच, हे आम्ही धरून चालतो. पण कोणत्या दिशेने बोलेल हे ओळखता आलं पाहिजे, आणि त्यात मी तयार होतो हे सांगायला मला लाज वाटत नाही. टोकरखाड्यातले आमचे लोक कमी सांगायचे. त्यांना वाटायचं, हा कागद इन्कम टॅक्सवाल्यांकडे जाणार. एका हेडक्लार्कच्या बायकोने मी आत शिरताच मिक्सरवर टॉवेल टाकला आणि तासभर त्या टॉवेलला टेकून उभी राहिली. आमलीतले लोक उलटे. ते जास्त सांगायचे. गावाकडून आलेला धडधाकट माणूस ‘आज भाकरी आणि मिरचीचा ठेचा’ असं परक्यापुढे कबूल करायचा नाही. रोज डाळ, रोज भाजी, आठवड्याला मटण. मी मुकाट्याने लिहायचो आणि पुढे हळूच विचारायचो, “मटण कुठल्या दुकानातून आणता?” मग हसू यायचं, मग खरं यायचं.

दारूच्या रकान्याचं तर विचारूच नका. शेजारी गुजरातेत बंदी, आमच्याकडे मोकळीक. रविवारी वापीकडून माणसांचे जथे यायचे. पण आमच्या पाहणीत सिल्वासात दारू पिणारं एकही घर नव्हतं. सगळे पिणारे पाहुणे.

मी घरात शिरण्याआधी चपला बघायचो. किती जोड, किती झिजलेले, लहान मुलाचे आहेत का. दोरीवरचे कपडे बघायचो. उत्तर ऐकायच्या आधी घर बरंचसं कळलेलं असायचं. आमच्या साहेबांनी, मेहताभाईंनी, ही युक्ती पुढे नव्या पोरांना शिकवायला मलाच उभं केलं होतं. माझे तक्ते खाडाखोड नसलेले, अक्षर मोत्यासारखं, बेरजा जागच्या जागी. प्रत्येक तक्त्याची कार्बनवरची एक प्रत मी घरी ठेवत असे. तसा नियम नव्हता, माझी हौस होती. या हौसेचंच पुढे मला ओझं झालं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्याकडे एक काम आलं. काही कारखानदारांची एक संस्था होती, तिला बाहेरगावच्या कमी मिळकतीच्या कुटुंबांसाठी भाड्याच्या खोल्या बांधायच्या होत्या. प्रत्येक खोलीला स्वतःचा नळ, मागे मोरी, भाडं जेमतेम. खोल्या मोजक्या. त्या कुणाला द्यायच्या हे ठरवण्यासाठी दोन वस्त्यांची तुलना करायची होती. टोकरखाड्यातले क्वार्टर न मिळालेले आमचे नोकरदार एकीकडे आणि आमलीतले खानदेशी कामगार दुसरीकडे. ज्या कुटुंबाची मिळकत कमी, त्याचं नाव यादीत वर. एकही दार सोडायचं नव्हतं. दोन्ही वस्त्या माझ्याकडे दिल्या.

आता इथे धंद्यातला एक नियम सांगायला हवा, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. पाहणीत कुटुंब म्हणजे काय? आईबाप आणि मुलं, असं नव्हे. एका छपराखालची माणसं, असंही नव्हे. एका चुलीचं अन्न खाणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. भाऊ भाऊ एका घरात राहिले पण चुली दोन झाल्या, तर कुटुंबं दोन. हा नियम मी शेकडो दारांत सांगितला असेल. बायका तो ऐकून नेहमी माना डोलवायच्या, त्यांना तो आधीच ठाऊक असायचा.

आमलीतल्या एका चाळीत, एका खोलीच्या दाराशी मला चपलांचे चार जोड दिसले. त्यातला एक लहान मुलीचा. आत एक बाई परातीत पीठ मळत होती. तिने वर न बघताच विचारलं, “कोन शे? मलेरियावाला का?”

तिचं नाव सुपडाबाई. नवरा भिका, सुताच्या कारखान्यात. गाव धुळ्याकडचं. मुलगी मंगल, नऊ वर्षांची, इथल्या मराठी शाळेत चौथीत. भिंतीला लागून दोन गोधड्यांवर दोन पुरुष पालथे झोपले होते. रात्रपाळी करून आलेले. कोपऱ्यात दोरीवर एक जुनं लुगडं टाकून आडोसा केला होता आणि त्यामागे मंगल पाटी घेऊन बसली होती. मी खाली बसून तक्ता पसरला तशी ती बाहेर आली आणि उलट्या बाजूने, माझ्या समोर उभी राहून, छापलेले मथळे खडाखडा वाचायला लागली. “कुटुंब प्रमुखाचे नाव. नाते. वय. शिक्षण. व्यवसाय.” एकदाही अडखळली नाही. मी कौतुकाने आईकडे पाहिलं. आईचे हात पिठात थांबले होते आणि चेहरा असा फुलला होता की मला पेन टेकवायचं सुचेना.

मी कामाला लागलो. जेवायला किती माणसं? नऊ. नवरा, बायको, मुलगी आणि गावचे सहाजण. सगळे भिकासारखेच कामावर, तिघे दिवसाला तर चौघे रात्रीला, त्यातले दोघे अजून परतायचे होते. त्यामुळे दाराशी चपला कधीच पुऱ्या दिसायच्या नाहीत. गोधड्याही चारच, पाळीपाळीने वापरायच्या.

“चूल किती?” मी विचारलं.

“एकच शे, भाऊ. सात चुलीसले जागा कोठे शे आठे?”

मी लिहायला लागलो. प्रमुख भिका, मग पत्नी, मुलगी, आणि बाकीच्या सहा जणांपुढे ‘इतर’. मी त्यांना तिच्याच घरात धरतोय, हे तिच्या ध्यानात आलं असावं.

“पन ह्या माणसं मना घरना नहीत,” ती म्हणाली. “मना गावना शेतस. महिनाले जेवनना देतस, मी रांधी देस.”

मी तिला नियम समजावून सांगितला. अगदी गोडीने. एका चुलीचं खाणारे ते एक कुटुंब, बाई, आम्ही तसंच लिहितो. ती ऐकून हसली. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही म्हणाल तसं, असं ते हसू होतं. मग तिने आवाज खाली आणून खोल्यांबद्दल विचारलं. खोल्यांची बातमी चाळीत पोचली होतीच.

“पोर मोठी व्हत चालनी, भाऊ. इतला माणसंमा कशी ठेवू तिले? येगळी खोली नही मिळनी ते चवथी व्हयनी का गावले धाडनी पडी. तठे पाचवी नही.”

एवढंच तिचं मागणं होतं. पोरीला जवळ ठेवता यावं आणि पाचवीत घालता यावं. मी म्हणालो, “लिहिलंय सगळं नीट. काळजी करू नका.” निघताना मी पाणी प्यायलो. पाण्यापलीकडे कुणाच्या घरी काही घ्यायचं नाही, हाही आमचा नियम. मी नियमाचा फार पक्का होतो.

दुसऱ्या आठवड्यात टोकरखाड्यात साळवी मास्तरांकडे गेलो. साळवी मास्तर आमच्याच चिपळूणचे, शाळेत गणित शिकवायचे. तीन मास्तर मिळून एका खोलीत राहत. तिघांची बायकामुलं गावाला. जेवणाचा डबा शेजारच्या एका बाईंकडून, तिघांना मिळून एकच मोठा. मी गेलो तेव्हा तिघं एकाच डब्यातून वाढून घेत होते. साळवी मास्तर आमटीत भात कालवत म्हणाले, “काय हो मोजणीवाले, आम्हा ब्रह्मचाऱ्यांत काय मोजणार?”

मी हसलो, बसलो, गावच्या गप्पा झाल्या. या वर्षी आंबा कसा आहे, गणपतीला रजा मिळेल का. आणि बोलता बोलता तीन वेगळे तक्ते भरले. तीन मास्तर, तीन कुटुंबं, एकेक पगार, प्रत्येकावर गावाकडची अवलंबून माणसं. लिहिताना क्षणभरही हात अडला नाही.

दोन वस्त्यांचा तुलनेचा अहवाल तयार झाला. मेहताभाईंनी माझी पाठ थोपटली. अहवालात असं निघालं की आमलीत दर कुटुंबाची मिळकत टोकरखाड्यापेक्षा बरी आहे. मला तेव्हाही थोडं नवल वाटलं होतं. पण आकडे स्वच्छ होते आणि ते माझेच होते. चार जोड चपला बघून घर ओळखणाऱ्या माणसाने त्या दिवशी कागदावर विश्वास ठेवला.

मग खोल्यांची यादी फलकावर लागली.

तीन दिवसांनी सुपडाबाई माझ्या दारात उभी होती. टोकरखाड्यात तिला मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ठेवणीतलं लुगडं नेसली होती आणि मंगलच्या केसांना तेल लावून घट्ट वेणी घातली होती. ती आत येईना. पायरीवरूनच म्हणाली, “भाऊ, यादीमा आमनं नाव नही. मंगलनी दोन डाव वाचं. तुमी काय लिखं?”

मी तिला बसवलं आणि आत जाऊन कार्बनच्या प्रती काढल्या. भिकाचा तक्ता शोधताना हाताला साळवी मास्तरांचे तक्ते लागले. दोन्ही मी पलंगावर शेजारी शेजारी ठेवले.

आमच्या नियमाच्या पुस्तकात चुलीच्या नियमाखाली बारीक अक्षरात एक परिच्छेद आहे. खानावळीत जेवणारा प्रत्येक माणूस, त्याची मिळकत वेगळी असेल तर, स्वतंत्र कुटुंब धरावा. हा परिच्छेद मला पाठ होता. पाठ होता म्हणून तर मास्तरांचे तीन तक्ते झाले होते. आणि सुपडाबाईने मला काय सांगितलं होतं? महिन्याला जेवणाचे देतात, मी रांधून देते. खानावळ म्हणजे दुसरं काय असतं? पण माझ्या डोक्यातली खानावळ म्हणजे डबे, पाटी, टेबलं, निदान शेजारच्या पांढरपेशा बाई. खानदेशातली एक बाई जमिनीवर बसून सात कामगारांना भाकरी थापून घालते, तिला मी खानावळ म्हणायला तयार नव्हतो. तिला मी कुटुंब म्हटलं. सात पगार एका घरात ओतले आणि भिकाला चाळीतला सगळ्यात सधन माणूस करून टाकलं. अशा खोल्या त्या चाळीत तिच्या एकटीच्या नव्हत्या, आणि त्या सगळ्या मी तशाच लिहिल्या होत्या.

मास्तर माझे होते, म्हणून मला ते वेगवेगळे दिसले. ती माणसं माझी नव्हती, म्हणून मला ती ढिगाने दिसली. याहून वेगळं काही कारण मला आजवर सापडलेलं नाही.

मी बाहेर आलो. खरं सांगायला तोंड उघडलं आणि शब्द निघाले ते असे, “चूल एक होती ना बाई, म्हणून तसं झालं. मी बघतो काही होतं का.”

ती मान हलवून उठली. मंगलने जाताना माझ्या दारावरची पाटी वाचली.

मी मेहताभाईंकडे गेलो. मेहताभाई वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोन्ही तक्ते पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, “सबसे साफ काम तुम्हारा, और अब तुम बोलते हो गलत है? लेखितमां आपो.” लेखी द्या. मी चुकीचं लिहिलं असं सहीनिशी द्या. मग आमलीचे सगळे तक्ते रद्द होतील, पाहणी पुन्हा होईल, यादी थांबेल. आणि तुमच्या कायम होण्याचा कागद वर गेलेला आहे, त्याचं काय होईल ते मला विचारू नका.

तेव्हा मी हंगामी होतो. बायको गरोदर होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही, त्या दिवशी डोक्यात काय होतं ते सांगतो. मी लेखी दिलं. त्यात ‘आमली वस्तीतील काही नोंदींची फेरतपासणी व्हावी अशी विनंती आहे’ असं एक वाक्य लिहिलं. चूक कुणाची, कोणती, का, यातलं काही लिहिलं नाही. असल्या विनंतीचं जे होतं तेच झालं. ती फायलीत गेली. माझा कायम झाल्याचा हुकूम पावसाळ्याआधी हातात पडला.

साळवी मास्तरांना खोली मिळाली. त्यांची बायको दोन महिने येऊन राहिली, तिला इथली हवा मानवली नाही, ती परत गेली. खोलीला बहुतेक काळ कुलूप असायचं. मास्तर मला म्हणाले, “अहो, मी कुठे मागितली होती? यादीत नाव आलं.” त्यांचं बरोबरच होतं.

शाळा सुटल्या त्या आठवड्यात सिल्वासाच्या बसथांब्यावर मी भिकाला पाहिलं. हातात पत्र्याची छोटी पेटी आणि बाजूला मंगल. वापीला जाणारी बस उभी होती. सुपडाबाई खिडकीखाली उभी राहून मुलीचा हात धरून काही सांगत होती आणि मुलगी तिच्याकडे न बघता समोरच्या सीटकडे बघत बसली होती. मी उसाच्या रसाच्या गाड्यामागे सरकलो आणि बस सुटेपर्यंत तिथेच थांबलो.

मी पुढे पुष्कळ वर्षं काम केलं. बढती मिळाली, नवी पोरं शिकवली. खानावळीचा परिच्छेद मी त्यांच्याकडून इतका घोकून घ्यायचो की त्यांच्या नाकी नऊ यायचे. का घोकून घेतो, हे मात्र कधी सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्याच वस्तीची पुन्हा पाहणी निघाली. मला जायची गरज नव्हती, मी तेव्हा तपासनीस होतो. पण आमलीतली ती चाळ मी स्वतःकडे घेतली. दाराशी चपलांचे तीन जोड होते. लहान जोड नव्हता. गेरूने नंबर टाकला आणि हाक मारली.

सुपडाबाईने मला ओळखलं. केस पांढरे झाले होते. “या भाऊ,” ती म्हणाली, “मी वाटच देखत व्हती. मोजणी येनार, असं चाळमा सगळासले माहीत व्हतं.” आणि तिने भिंतीकडे हात केला.

भिंतीला लागून ओळीने सात चुली मांडल्या होत्या. दोन पितळी स्टोव्ह, एक वाती काढलेला वातींचा स्टोव्ह, एक मातीची शेगडी, बाकीच्या विटांवर विटा रचलेल्या. प्रत्येकीवर एकेक भांडं झाकून ठेवलेलं. त्यातली एकच काजळलेली होती. बाकी सहांच्या खालची जमीन सारवलेली, स्वच्छ.

“आते मोजा,” ती म्हणाली. “सात शेतस. तवय मी एकच सांगी. मनाच तोंडनी चूक व्हयनी.”

मी तक्ता न उघडताच खाली बसलो. इतकी वर्षं ही बाई असं समजून होती की आपण एक म्हणालो म्हणून खोली गेली आणि मुलगी गेली. आणि तिला तसं वाटायला लावलं होतं मीच, माझ्या दारातल्या त्या एका वाक्याने.

“मंगल कुठे असते?” मी विचारलं.

“तिले तिनी चूल भेटनी,” ती म्हणाली. “औंदा लगीन करी दिन्हं.”

मी हिशेब केला. सोळा पूर्ण झाली असेल नसेल.

मी गप्प राहून सात कुटुंबं लिहून उठलो असतो तरी चाललं असतं. तिला आनंद झाला असता, चुली कामी आल्या असं वाटलं असतं. पेन हातात होतं. पण त्या सहा स्वच्छ चुलींकडे बघून मला ते जमेना.

“सुपडाबाई,” मी म्हणालो, “या चुलींची गरज नव्हती. तेव्हाही नव्हती. चूल एक असली तरी सात घरं लिहायची, असं आमच्या पुस्तकात होतं. मला ते ठाऊक होतं. तुम्ही मला सगळं खरं सांगितलं होतं. मी चुकीचं लिहिलं, आणि कळल्यावर दुरुस्त करायला घाबरलो.”

परातीतला पिठाचा गोळा घेऊन तिने भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. ती फुगली, उलटली, उतरवली. मग दुसरी. मला वाटलं आता जा म्हणेल. दोन भाकरी झाल्यावर तिने ताट माझ्यापुढे सरकवलं.

“जेवा,” ती म्हणाली. “आन आखाजीले मंगल येई. तिले हाई सांगा. मायनी माले काढी दिन्हं, असं वाटस तिले. मनासंगे ती नीट बोलत नही.”

मी त्या चुलीचं अन्न खाल्लं. नोकरीतलं पहिलं आणि शेवटचं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात त्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आमलीच्या चाळीमागे एक आंबा उरला होता, त्याला दोर टाकून बायका झोका घेत होत्या. मी कार्बनची प्रत पाकिटात घालून गेलो. मंगल उंबऱ्याशी बसली होती. अंगावर हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, चेहरा आईचाच. तिने मला ओळखलं नाही. आईने सांगितल्यावर ओळखलं आणि नजर फिरवली.

मी तिला सगळं सांगितलं. आईची चूक नव्हती, माझी होती, हे दोनदा सांगितलं. ती बांगड्या फिरवत ऐकत होती. विश्वास बसला की नाही ते कळेना. मग मी पाकीट पुढे केलं. “हा तो कागद. तू तेव्हा उलट्या बाजूने वाचला होतास.”

तिने तो घेतला, सरळ केला, आणि वाचायला लागली. आता ती बोट लावून वाचत होती. एकेका अक्षरावर थांबत होती. “कु… टुंब प्र… मुखाचे नाव.” सुपडाबाई परात सोडून जवळ आली होती. मंगलचं बोट खाली सरकलं. भिका. सुपडाबाई. मग तिच्या नावाची ओळ आली. शाई कार्बनची असली तरी माझं अक्षर स्वच्छ होतं, वाचायला काहीच त्रास नव्हता.

“मंगल,” तिने वाचलं. “मुलगी. वय नऊ. शिक्षण…”

तिथे ती थांबली. पुढचा शब्द तिला दिसत होता. तिने आईकडे पाहिलं आणि बोट त्या शब्दाखाली तसंच ठेवून हळू वाचलं.

“चालू.”

सुपडाबाईने पिठाच्या हातांनीच तिला जवळ ओढलं. मी कागद परत मागितला नाही.